पत्र्याआड काय आहे ते आधी पाहा

पत्राचा गोषवारा : मूळचे पश्चिम महाराष्ट्रातील आणि सध्या इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या उपनगरात राहणारे एक वाचक लिहितात की, तीन वर्षांपूर्वी त्यांनी २००० साली नोंदणी झालेली माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार २,३०० पौंडांना विकत घेतली. कॉलेजात असल्यापासूनची ती हौस होती. नवे कापडी टप, टायर आणि रेडिएटर यांवर त्यांनी आणखी सुमारे १,४०० पौंड खर्च केले. यंदाच्या एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, मात्र गाडी नापास झाली. दोन्ही बाजूंच्या सिलची, म्हणजे दाराखाली लांबवर जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पेटीची, मागची टोके गंजून गेली आहेत, पुढच्या दोन्ही चॅसी रेल, म्हणजे गाडीचा पुढचा भाग पेलणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळया, गंजल्या आहेत आणि मागचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती आवळणारे भाग, जाम झाले आहेत. एका गॅरेजने ६५० पौंडांत ‘पास करून देतो’ असे सांगितले, गंजाच्याच कामात मुरलेल्या एका कारागिराने नुसत्या वेल्डिंगचे २,४०० पौंड सांगितले, तर तिसऱ्याने गाडी सरळ भंगारात काढायला सांगितले. सुटे भाग विकणारा एक व्यावसायिक गाडीचे ६०० पौंड द्यायला तयार आहे. अशीच धडधाकट गाडी जाहिरातींत ४,००० पौंडांच्या आसपास दिसते. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम आहेत. वाचकांच्या पत्नी म्हणतात, ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे. वाचकांना मात्र वाटते की घातलेले पैसे वाया जाऊ नयेत आणि पुढेमागे ‘क्लासिक’ म्हणून गाडीची किंमत वाढेल. स्वतः वेल्डिंग शिकून हे काम करावे का, असेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. गाडीविषयी तुम्ही जे जे चांगले लिहिले आहे ते सारे इंजिन आणि गिअरबॉक्सविषयी आहे, आणि तपासणीत जे वाईट निघाले ते, ब्रेक वगळता, सारे पत्र्याविषयी आहे. इंजिन उत्तम आहे म्हणून गाडी वाचवण्याजोगी आहे, हा निष्कर्ष आपल्याला स्वाभाविक वाटतो, कारण इंजिन म्हणजे गाडीचा प्राण असे आपण लहानपणापासून मानत आलो आहोत. परंतु तुमच्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब उलटा बसतो. तिचे इंजिन बिघडले असते, तर मोडीत निघालेल्या दुसऱ्या एमएक्स-५ मधून चालू इंजिन आणून दोन-तीन दिवसांत बसवता आले असते. पत्रा मात्र बाहेरून आणून बसवण्याजोगा सुटा भाग नाही. या गाडीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नसतो, पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडूनच तिचा सांगाडा तयार होतो. त्यातही वर छप्पर नसल्यामुळे, बंद गाडीत जो भार खांब आणि छप्पर वाटून घेतात, तो येथे दोन्ही बाजूंच्या सिल, तळाचा पत्रा आणि दोन आसनांमधला उंचवटा (बोगदा) यांनाच पेलावा लागतो. म्हणून सिल गंजणे ही साध्या बंद सेडानमध्येही गंभीर गोष्ट असली, तरी उघड्या गाडीत ती अधिक गंभीर असते.

आता तुमच्याकडे आलेल्या तीन उत्तरांकडे पाहू. पत्रातील सूर असा आहे की, एकाच कामाचे तीन कारागिरांनी तीन भाव सांगितले आणि त्यांतला खरा कोणता हे तुम्हाला ओळखायचे आहे. माझ्या मते ही तीन वेगवेगळी कामे आहेत. ६५० पौंडवाला गंजलेल्या जागेवर नवा पत्रा लावून गाडी यंदापुरती पास करून देणार आहे. २,४०० पौंडवाला गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढणार, आतले थर पुन्हा घडवणार आणि मग बाहेरचा पत्रा लावणार आहे. तिसऱ्याने दिलेल्या सल्ल्यात गाडीचे मूल्यमापन किती आणि ‘हे किचकट काम माझ्याकडे नको’ ही भावना किती, हे सांगता येणार नाही. सर्वसाधारण गॅरेजांना गंजाचे काम नकोसेच असते, कारण ठरलेल्या रकमेत ते बसत नाही आणि पत्रा उघडल्यावर गिऱ्हाइकाशी वाद होतात. तेव्हा त्या नकाराला फार वजन देऊ नका, पण तो का आला असेल हे मात्र लक्षात ठेवा.

हे काम ठरलेल्या रकमेत का बसत नाही, हे नीट समजून घेतले तर पुढचा निर्णय सोपा होईल. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि हवेतला प्राणवायू पुरेसा असतो. मीठ त्या पाण्याची विद्युतवाहकता वाढवून ही क्रिया वेगवान करते. हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून ब्रिटनच्या रस्त्यांवर जे तपकिरी खडे मीठ पसरतात, त्यातले बरेचसे चेशरमधल्या विन्सफर्ड येथील खाणीतून येते. ते चिखलाबरोबर गाडीखालच्या प्रत्येक सांदीत जाऊन बसते आणि उन्हाळ्यातही तेथला दमटपणा धरून ठेवते. अॅल्युमिनिअमवर चढणारा थर जसा खालच्या धातूला राखतो, तसा लोखंडाचा गंज राखत नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी शोषतो, आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे एकावर एक बसवलेले पत्रे आतून फाकवत जातो. बाहेर रंगाला फोड दिसतो, तोपर्यंत आत बरेच काही होऊन गेलेले असते.

तुमच्या गाडीची दोन्ही दुखणी याच जातीची आहेत. कापडी टपावर पडलेले पाणी आसनांच्या मागे गोळा होऊन दोन नळ्यांवाटे खाली उतरते आणि मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली बाहेर पडते. या नळ्यांत पाने आणि माती अडकली की पाणी तुंबते, सिलच्या मागच्या टोकात साचते, आणि सिल आतून बाहेर सडत येते. मागचे चाक तेथेच असल्याने बाहेरून खारट चिखलाचा मारा होतो तो वेगळाच. पुढच्या चॅसी रेलचे दुखणे प्रामुख्याने तुमच्याच पिढीच्या, म्हणजे १९९८ ते २००५ या काळातल्या गाड्यांचे आहे. या पिढीत त्या रेलच्या आत मजबुतीसाठी पत्र्याचे जादा थर आले, आणि त्या थरांमध्ये शिरलेले खारे पाणी बाहेर पडायला वाट उरली नाही. याच रेलला पुढचे सस्पेन्शन धरून ठेवणारी सबफ्रेम बोल्टने जोडलेली असते. त्यामुळे सिल आणि रेल यांत जास्त काळजीचे कोणते असे विचाराल, तर मी रेल म्हणेन.

एमओटीच्या परीक्षकाने हे सारे पाहिले आहे, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. तसे नाही. परीक्षकाला गाडीचे भाग सुटे करण्याची मुभा नसते, गालिचा उचलता येत नाही, आणि पत्र्याला तो बोटाने दाबून किंवा ठरावीक अवजाराने हलकेच ठोकून एवढीच परीक्षा करू शकतो. खालून काळा संरक्षक लेप (अंडरकोट) जाड थापलेला असेल तर त्याचाही नाइलाज असतो. म्हणजे नापासाच्या कागदावर जे लिहिले आहे ते तुमच्या गाडीतले कमीत कमी आहे, आणि जास्तीत जास्त किती आहे हे अजून कोणीही पाहिलेले नाही. २,४०० चा आकडा सांगणाऱ्या कारागिरानेही गाडी उचलून खालून पाहिली असेल, कापून पाहिलेली नाही. तेव्हा ‘२,४०० द्यावेत की नाही’ यावर तुम्ही पतिपत्नी आज जो वाद घालत आहात, तो मुळात अशा रकमेवरचा वाद आहे जी अजून ठरलेलीच नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, दुरुस्तीचा निर्णय आज घेऊच नका. आधी गाडी उघडून बघण्यापुरतेच पैसे खर्च करा. त्या अनुभवी कारागिराला दोन-तीन तासांची मजुरी देऊन विचारा की तुमच्या देखत सिलच्या आत छोटा कॅमेरा घालून, रेलवरचा अंडरकोट खरवडून आणि पेचकसाने टोचून तो तपासणी करील का, आणि प्रत्येक जागेचे छायाचित्र देईल का. त्याआधी आसने, गालिचे आणि दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तुम्ही स्वतः काढून ठेवा, म्हणजे तेवढी मजुरी वाचेल आणि आतल्या बाजूने काय आहे हे तुम्हालाही दिसेल. सिलचा नुसता बाहेरचा पत्रा आणि त्यामागचा थर गेला असेल, तर काम मोठे असले तरी नेहमीचे आहे. या भागांचे तयार पत्रे बाजारात मिळतात आणि ते फारसे महाग नसतात, पैसे लागतात ते मजुरीला. सिलचा सर्वांत आतला, पायांशेजारचा पत्रा किंवा सीट-बेल्टच्या बोल्टजवळची जागा मऊ लागली, मागच्या सस्पेन्शनची टेकणे गंजलेली निघाली, किंवा पुढच्या रेलचा गंज सबफ्रेमच्या बोल्टपर्यंत पोचलेला दिसला, तर मात्र तेथेच थांबा. अशी गाडी दुरुस्त होतच नाही असे मी म्हणत नाही. पैसे आणि वेळ भरपूर असेल तर पत्र्याचे कोणतेही काम होऊ शकते. तुमच्या पत्रातल्या परिस्थितीत ते करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

६५० पौंडांच्या पर्यायाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मध्यममार्ग म्हणून तोच सर्वांत मोहक दिसतो. ब्रिटनमधले नियम याबाबत स्पष्ट आहेत. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट-बेल्ट अशा भागांच्या जोडणीपासून ३० सेंटिमीटरच्या आतला भार पेलणारा पत्रा फार गंजलेला असेल तर गाडी नापास होते, आणि तेथे लावलेल्या नव्या पत्र्याला कडेने सलग वेल्डिंग असावे लागते. लांबी (पुटी) भरून किंवा फायबरग्लास चिकटवून केलेले काम चालत नाही. त्या गॅरेजचे काम नियमात बसणारे असेलही. तरीही निरोगी पत्रा लागेपर्यंत न कापता गंजावरच नवा पत्रा जोडला, तर वेल्डिंगच्या उष्णतेने आतले जुने संरक्षक मेण आणि रंग जळून जातात, बंद पेटीत गंज सुरूच राहतो, आणि दोन वर्षांनी योग्य दुरुस्ती करायची म्हटली की आधी ते ठिगळ कापून काढण्याची मजुरी द्यावी लागते. हा पर्याय एकाच परिस्थितीत शहाणपणाचा आहे: ही गाडी आणखी एक-दोन उन्हाळे चालवून मग मोडीतच काढायची, असे तुम्ही आजच मनाशी पक्के केले असेल तर. ६५० पौंडांत दोन उन्हाळे हा काही वाईट सौदा नाही. मात्र ‘आत्ता ठिगळ, पुढे बघू’ असा विचार असेल, तर तुम्ही दोन्ही खर्च करणार आहात.

आता तुमच्या पत्रातल्या दोन गृहीतकांकडे वळतो. पहिले म्हणजे आतापर्यंतचे ३,७०० पौंड वाया जाऊ नयेत हे. ते गेले आहेत, आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला तीन उन्हाळे मिळाले आहेत, जे तुमच्याच शब्दांत ‘इंग्लंडमध्ये आल्यापासूनचे सर्वांत आनंदाचे शनिवार-रविवार’ होते. गाडी दुरुस्त केल्याने ते पैसे परत येणार नाहीत आणि मोडीत काढल्याने ते आणखी बुडणार नाहीत. नवे टप आणि टायर यांची किंमत धरायचीच असेल, तर सुटे भाग घेणाऱ्यांकडे आज त्यांचे काय येईल तेवढीच धरा. त्या ६०० पौंडांत ते बहुधा धरलेले आहे, आणि टप, टायर, आसने स्वतंत्रपणे विकण्याची चिकाटी असेल तर थोडे अधिकही सुटतील.

दुसरे गृहीतक क्लासिकचे. एमएक्स-५ ही मोटारींच्या इतिहासातली महत्त्वाची गाडी आहे, यात शंका नाही. ब्रिटिश आणि इटालियन छोट्या उघड्या गाड्यांची परंपरा विझत आली असताना १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने ती आणली आणि तो सारा प्रकारच पुन्हा जिवंत केला. परंतु ती दुर्मीळ नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली, आणि दोन आसनांच्या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतकी विक्री दुसऱ्या कोणत्याही गाडीची झालेली नाही. तिचे सुटे भाग स्वस्त आणि मुबलक मिळतात, ओनर्स क्लबात कोणत्याही दुखण्याची माहिती सापडते, हा त्याचा फायदा. आणि किंमत वाढण्यासाठी लागणारी टंचाई लवकर येणार नाही, हा त्याचाच तोटा. भाव चढलाच तर आधी पहिल्या पिढीच्या आणि कधीही वेल्डिंग न झालेल्या गाड्यांचा चढेल. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकर आणि सहसा एमओटीतूनही सूट मिळते, पण तुमच्या गाडीसाठी त्याला निदान २०४० उजाडावे लागेल. तेव्हा ही दुरुस्ती गुंतवणूक म्हणून स्वतःला आणि घरात पटवून देऊ नका. हौसेवरचा खर्च म्हणून तिच्याकडे पाहिले, तर तो परवडतो की नाही याचा विचार सरळपणे करता येतो. हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात, पण घरखर्चाच्या वहीत ते लिहावे लागते.

ते मोल काढून पाहू. दुरुस्तीच्या बाजूला वेल्डिंगचे २,४००, ब्रेक कॅलिपरचे अंदाजे २५०, आणि काम झाल्यावर सगळ्या पोकळ्यांत संरक्षक मेण मारून घेण्याचे अंदाजे ३५०, असे ३,००० पौंड होतात. दुसऱ्या बाजूला ही गाडी ६०० ला देऊन ४,००० ची धडधाकट गाडी घेतली तर ३,४००, आणि त्या गाडीलाही मेण मारून घ्यावेच लागेल, म्हणून ३,७५०. कागदावर दुरुस्ती साडेसातशे पौंडांनी स्वस्त दिसते. पण गंजाच्या कामात रक्कम वाढते ती बहुधा वरच्याच दिशेने, आणि वेल्डिंगचा खर्च तीन हजारांवर गेला की ही बचत जवळजवळ संपते. गंमत अशी की तुमच्या पत्नींनी वापरलेली म्हण येथे तंतोतंत लागू पडत नाही, कारण दुसरी कोंबडी घेतली तरी मसाला जवळपास तेवढाच लागणार आहे. नुसत्या पैशांच्या हिशेबात दोन्ही पर्याय इतके जवळ आहेत की निर्णय दुसऱ्या कशावर तरी करावा लागेल.

माझ्या मते तो निर्णय अनिश्चितता कोणत्या बाजूला कमी करता येते, यावर करावा. जाहिरातीत दिसणारी ४,००० ची गाडी ‘धडधाकट’ आहे हे विकणाऱ्याचे म्हणणे असते. तुम्ही स्वतः तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हाही ती धडधाकटच दिसली असणार, आणि असा गंज तीन वर्षांत होत नाही. दुरुस्त केलेल्या गाडीत, छायाचित्रे नीट काढून ठेवली, तर निदान सिल आणि रेल यांच्या आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. याउलट दुरुस्त गाडीचे बाकीचे सारे पत्रे पंचवीस वर्षांचेच राहतील. म्हणून उघडून पाहिल्यावर गंज तपासणीत लिहिला आहे तेवढ्याच चार जागी निघाला, तर दुरुस्ती करा. वेल्डिंगला तीन हजार ही लक्ष्मणरेषा ठरवा, ती कारागिराला आधीच लेखी सांगा, आणि त्यापुढे जावे लागेल असे दिसताच काम थांबवून फोन करायचा, हेही ठरवून घ्या. गंज इतरत्र पसरलेला निघाला, तर तपासणीचे पैसे सोडून द्या आणि गाडी सुट्या भागांसाठी विका.

तीन हजारांची ही रेष तुमच्या पत्नींसमोर कागदावर मांडा, असेही मी सुचवीन. पत्रातून मला असे दिसते की त्यांचा राग गाडीवर नसून, या खर्चाला शेवट दिसत नाही यावर आहे. पुढच्या वर्षी आईवडिलांना तिकडे बोलावायचे आहे आणि घराचा हप्ता वाढला आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. ज्या माणसाला घरचे पैसे सांभाळायचे आहेत त्याला ‘अजून थोडेच लागतील’ हे वाक्य सर्वांत भीतिदायक वाटते. एक ठाम आकडा, त्यानंतर गाडी विकण्याचे स्पष्ट वचन, आणि वर्षाकाठी विमा, कर, देखभाल धरून या हौसेला किती लागते याचा खरा हिशेब, एवढे पुढे ठेवलेत तर चर्चा बदलेल. त्या हिशेबात बर्मिंगहॅमचा स्वच्छ हवा विभागही धरा. २०२१ च्या जूनपासून मिडलवे रिंगरोडच्या आत युरो-४ या प्रदूषण-मानकाच्या खालच्या पेट्रोल गाड्यांना दिवसाला ८ पौंड भरावे लागतात, आणि २००० सालची गाडी बहुधा त्या मर्यादेत बसत नाही. नोंदणी क्रमांक टाकला की सरकारी संकेतस्थळावर ते लगेच कळते. विमा कंपनीशी बोलताना ‘ठरलेल्या किमतीचा’ विमा मिळतो का तेही विचारा, नाहीतर उद्या अपघात झाल्यास दुरुस्तीवर घातलेले तीन हजार न मोजता बाजारभावच हाती पडेल.

स्वतः वेल्डिंग शिकण्याची कल्पना मला आवडली, पण या कामासाठी नको. जाड लोखंड जोडायला माणूस काही दिवसांत शिकतो. एक मिलिमीटरच्या आसपासचा, कडेला गंजाने आणखी पातळ झालेला पत्रा भोक न पाडता जोडणे हे फार वेगळे कसब असते. त्यातून ते काम गाडीखाली उताणे पडून, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्यांजवळ करायचे. सिल कापताना आधार चुकीच्या जागी दिला तर उघडी गाडी मधोमध वाकते आणि मग दारे बसत नाहीत. तुमच्या हाताला येण्याजोगी कामे याच गाडीत भरपूर आहेत: टपाच्या नळ्या मोकळ्या करणे, आसने आणि गालिचे काढणे, ब्रेक कॅलिपर बदलणे, शेवटी पोकळ्यांत मेण मारणे. वेल्डिंग शिकायचेच असेल तर आधी एखाद्या मोडक्या दारावर हात बसवा.

दुरुस्ती झाल्यावर गाडी टिकवण्यासाठी फार काही लागत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात मीठ पडलेल्या रस्त्यावर ती नेऊ नका. तुमच्याकडे घरासमोर खासगी जागा आहे, तेव्हा त्या महिन्यांपुरती गाडी रस्त्याबाहेर असल्याची नोंद करा. ती विनामूल्य होते आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रस्ताकर परत मिळतो. हवा न खेळणारे प्लास्टिकचे आच्छादन घालू नका. ओली, खारट गाडी ऊबदार बंद गॅरेजात ठेवणे हेही उघड्यावर ठेवण्यापेक्षा बरे नसते, कारण उबेत गंज अधिक वेगाने चढतो.

महाराष्ट्रातून आणि गोव्यातूनही जुन्या गाड्यांविषयी अशी पत्रे येतात, म्हणून त्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगतो. किनाऱ्यालगत हिवाळी मिठाचे काम खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस करतात, त्यामुळे मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत वाढलेली गाडी घेताना तळ, दारांचे खालचे काठ आणि डिकीतला स्टेपनीचा खळगा पाहिल्याशिवाय रंगाच्या चकाकीवर जाऊ नये. आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपून तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, त्यासाठीचे शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही असतो. तेव्हा डेंटिंग-पेंटिंगला गाडी सोडण्याआधी आरसी पुस्तकातली तारीख पाहावी.

तुमच्या बाबतीत एक तातडीची गोष्ट राहिली. एमओटीचा कागद हाती येईपर्यंत ही गाडी, आधी वेळ ठरवलेल्या तपासणीला किंवा दुरुस्तीला नेण्यापलीकडे, रस्त्यावर आणू नका, आणि नापासाच्या कागदात एकाही दोषापुढे ‘धोकादायक’ असे लिहिले असेल तर तेवढ्यासाठीही चालवू नका, उचलूनच न्या. शेवटी विकायची वेळ आली तर गंज लपवण्याचा विचार मनात येऊ देऊ नका. ब्रिटनमध्ये कोणत्याही गाडीचा एमओटीचा इतिहास नोंदणी क्रमांकावरून कोणालाही फुकट पाहता येतो, त्यामुळे यंदाचा नापास शेरा घेणाऱ्याला दिसणारच आहे. आणि भंगारात काढलीत, तर परवानाधारक केंद्रातच द्या, गाडी नष्ट केल्याचे प्रमाणपत्र मागून घ्या, आणि पैसे बँकेतच घ्या. इंग्लंडमध्ये २०१३ च्या कायद्यानुसार भंगाराचे पैसे रोख देण्यास बंदी आहे, तेव्हा कोणी रोख नोटा पुढे करू लागला तर गाडी त्याच्या हवाली करू नका.